बोनेटवरचा तळहात

जुनी गाडी घ्यायला निघताना पैसे, पॅन कार्ड आणि एक जाणकार, एवढं बरोबर लागतं. पहिल्या दोन गोष्टी विसरल्या तर घरी जाऊन आणता येतात. जाणकाराला मात्र आदल्या रात्रीच फोन करून ठेवावा लागतो. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत हे मानाचं पद गेली पंचवीस वर्षं अण्णांकडे आहे. नोकरी सगळी बँकेत. हातात पाना धरलेले अण्णा कुणी पाहिलेले नाहीत. पण गाडी बघायला निघाले की खिशात बॅटरी, फडकं आणि फ्रिजवरून काढलेलं मोरगावच्या गणपतीचं मॅग्नेट, असा सरंजाम असतो.

गेल्यावर अण्णा नमस्कार-चमत्कारात वेळ घालवत नाहीत. थेट गाडीपाशी जातात आणि बोनेटवर तळहात ठेवतात. डॉक्टर पोरांच्या कपाळावर ठेवतात तसा. बोनेट गरम लागलं की अण्णांचं टाळकंही गरम.

"आधी चालू करून ठेवलीत?"

"हवा भरून आणली हो, एवढंच."

"थंड होऊ दे."

थंड गाडी पहिल्या सेल्फला कशी उठते आणि उठताना मागून कसला धूर सोडते, हे बघितल्याशिवाय किमतीचा विषय निघायचा नाही. माझ्या गाडीच्या वेळी सिंहगड रोडवरच्या एका घरात आम्ही पाऊण तास झोपाळ्यावर बसलो होतो. त्या माउलीने कांदेपोहे केले, वर खोबरं घातलं. अण्णांनी दोनदा घेतले, पण पुढे पाच हजार काही सोडले नाहीत.

मग गणपती बाहेर येतो. दारावर, मडगार्डवर फिरतो. घट्ट बसला तर खाली पत्रा, घसरला तर खाली लांबी भरलेली. गणपती घसरला की मालकाचा चेहराही घसरतो. नंतर काचांची पाळी. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक शिक्का असतो. पाच सारखे आणि सहावा वेगळा निघाला, तर त्या बाजूने काहीतरी घडून गेलंय. टायरवरचे चार आकडे म्हणजे त्याची जन्मपत्रिका. २३१९ असेल तर २०१९ सालातला तेविसावा आठवडा. मीटर तीस हजार दाखवतोय आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय, तर मग मीटरला कुणीतरी तारुण्य बहाल केलेलं आहे. शेवटी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडायचं. तिथून भकाभका धूर आला की अण्णा मागे न वळता म्हणतात, "बॅक कॉम्प्रेशन." हा शब्द ऐकून मी भल्याभल्यांना खाली बसताना पाहिलंय.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईच्या किती गाड्या पाण्यात गेल्या याचा हिशेब अण्णांकडे नाही, पण पुढची दोन वर्षं एमएच-०१, ०२, ०४ दिसलं की ते सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बघत. वरचा पट्टा रोज हाताळला जातो, धुतलाही जातो. आत गुंडाळलेल्या भागावरची चिखलाची रेघ मात्र तशीच राहते.

शोरूममध्ये गाडी एक्स्चेंजला द्यायची तर अण्णांचा एकच हट्ट: दोन वेगळे कागद. जुनी न देता नवीन केवढ्याला, आणि नवीन न घेता जुनी केवढ्याला. नाहीतर "चाळीस हजार बोनस" म्हणून एका खिशात टाकतात आणि नव्या गाडीच्या सवलतीतून दुसऱ्या खिशातून काढून घेतात. हे ऐकलं की शोरूमचा टाय लावलेला पोरगा "मॅनेजरना विचारतो" म्हणून जातो, तो चहाच पाठवतो.

तर असे हे अण्णा. त्यांनी २०२५ च्या दिवाळीत स्वतःची गाडी विकायला काढली.

गाडी २०१५ ची वॅगन आर, सिल्व्हर, बावन्न हजार किलोमीटर. मागणी सव्वातीन लाख. दुसऱ्यांच्या वेळी विम्याच्या कागदावरचा आकडा समोरच्याच्या नाकावर धरणारे अण्णा आता म्हणू लागले, "विमा कंपनीला गाडीतलं काय कळतं?" त्यातच २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता. नवीनच स्वस्त झाली म्हटल्यावर जुनीला कोण विचारतो? टॅबलेट घेऊन आलेल्या एका मुलाने तासभर फोटो काढून पावणेदोन सांगितले. अण्णांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

अखेर हडपसरहून एक नवरा-बायको आले. बरोबर त्यांचा जाणकार, बायकोचा मामा. मी मुद्दाम खाली उतरून उभा राहिलो.

मामांनी टायरला लाथ मारली.

अण्णांनी डोळे मिटले. टायरला लाथ मारून काय कळतं हे आजवर कुठल्याही टायरने सांगितलेलं नाही. मामांनी बोनेटला हात लावला नाही. खरं तर अण्णांनी सकाळपासून गाडी हलवली नव्हती, बोनेट थंडगार तयार ठेवलं होतं, पण कदर नाही. मामांनी हॉर्न वाजवला, रेडिओ लावला, काच वर-खाली केली आणि म्हणाले, "गाडी टकाटक आहे!"

घासाघीस होऊन अडीचवर आलं. नवऱ्याने टोकनसाठी मोबाइल काढला. अण्णांची चुळबुळ चालली होती. त्यांनी मामांना हळूच विचारलं, "बोनेट उघडलंत का?"

"कशाला? आवाज छान आहे की."

"उजव्या मडगार्डचे बोल्ट बघितलेत?"

मामा बघतच राहिले. अण्णांनी स्वतः बोनेट उचललं, बॅटरी मारली. "हे बघा. डावीकडच्या बोल्टवर रंग अखंड आहे. उजवीकडचा कोपऱ्यांवर उडालाय. म्हणजे पाना लागलाय. मडगार्ड बदललेलं आहे!"

बदललं कुणी, हे सोसायटीत फक्त अण्णांना आणि गेटच्या खांबाला माहीत होतं. नो क्लेम बोनस पन्नास टक्क्यांवर होता, तो जाऊ नये म्हणून खर्च खिशातून केलेला. कुठल्याच कागदावर नोंद नाही. वरच्या गॅलरीतून काकूंचा आवाज आला, "कधी हो बदललं?"

"असू दे काका," मामा म्हणाले. "एवढं चालतं."

"चालतं काय?" अण्णा भडकले. "दुसऱ्याच्या पैशाने गाडी बघायला आलात ना? बारा हजार कमी करा! मागा माझ्याकडे!"

मामांनी भीत भीत बारा हजार मागितले. अण्णांनी आढेवेढे घेत दिले. मग फॉर्म २९-३० वर सह्या झाल्या, कोरी जागा एकही न ठेवता, आणि गाडी ताब्यात दिल्याच्या पावतीवर तारखेपुढे "सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटे" असंही लिहिलं गेलं. गाडी गेटबाहेर पडेपर्यंत अण्णा तो खांब लपवल्यासारखे त्याच्या पुढे उभे होते.

रात्री मामांचा फोन आला. भाच्याच्या मित्राला एक डिझायर बघायची आहे, रविवारी येता का?

"येतो," अण्णा म्हणाले. "सकाळपासून चालू करू नका म्हणावं."