आमच्या हीटरला चाकं नाहीत म्हणून

विजेच्या गाड्यांसाठी रात्रीचे स्वस्त दर बेतणाऱ्या साहेबांस,



पत्र उघडं लिहितो आहे, कारण बंद पाकिटातल्या पत्रांना तुमच्याकडून एकच ठरलेलं उत्तर येतं: आपलं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे. किती पेन्स मोलाचं, ते मात्र त्यात नसतं. कंपनीचं नाव इथे घेत नाही. घेतलं तर बाकीच्या कंपन्यांना आपण सुटलो असं वाटेल.

आधी अभिनंदन. सगळी ब्रिटिश जनता वीजबिल उघडताना डोळे मिटून घेते अशा काळात तुम्ही मध्यरात्रीनंतर युनिटला ७ ते ९ पेन्स असा दर काढून दाखवलात. दिवसा त्याच युनिटचे पंचविसाच्या वर जातात. गाडीवाला रात्री प्लग खोचून झोपतो आणि सकाळी शंभरेक मैलांची बेगमी करून उठतो. मीही त्यातलाच. दाराशी विजेची गाडी आहे, म्हणून तुम्ही मला पंक्तीला बसवलंत.

आता आमच्या इमारतीत या. ग्लासगोच्या दक्षिणेला, चार घरांची, दोन खाली दोन वर. गॅसची जोडणी नाही. थंडीचा सगळा भार नाइट स्टोरेज हीटरवर. पत्र वाचणाऱ्या मराठी मंडळींना हे यंत्र ठाऊक नसेल, आणि तुम्हालाही ते नीटसं ठाऊक नसावं असा मला संशय आहे, तेव्हा दोघांनाही एकदमच सांगतो. भिंतीला टेकून उभं असलेलं पत्र्याचं कपाट, आत लोखंडाच्या ऑक्साइडच्या जड विटा. रात्री स्वस्त वीज सुरू झाली की त्या विटा पाच-सहाशे अंशांपर्यंत तापतात आणि दिवसभर ती ऊब सोडत राहतात. पाठ धरली की आमची म्हातारी माणसं फडक्यात गुंडाळलेल्या गरम विटेचा शेक घ्यायची. इथे अख्खं घर तो शेक घेतं.

या कपाटाला दोन खुंट्या. एक इनपुटची: उद्या थंडी किती पडणार हे आज झोपण्यापूर्वी ओळखून ती फिरवायची. दुसरी आउटपुटची: तिला संध्याकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. एवढं सांभाळलं तरी पहाटे पाचला, सगळे गाढ झोपेत असताना, हॉल भट्टीसारखा तापतो आणि रात्री आठला, सगळे घरात असताना, पांघरूण घेऊन बातम्या ऐकाव्या लागतात. २०१८ पासून विकायच्या नव्या हीटरना पंखा आणि थोडी अक्कल असण्याची सक्ती झाली. भाड्याच्या घरांत मात्र अजून जुनेच, कारण हीटर घरमालकाचा आणि बिल भाडेकरूचं.

हे हीटर हौसेने कुणी लावले नव्हते, साहेब. कोळशाची आणि अणुवीज केंद्रं रात्री बंद करता येत नव्हती, वीज वाया जात होती, ती खपवायला सरकारी मंडळांनीच लोकांच्या घरात या विटा भरल्या. १६ मे १९६८ ला पूर्व लंडनमध्ये रोनन पॉइंट नावाच्या नव्याकोऱ्या बावीस मजली इमारतीत एका बाईंनी सकाळी चहासाठी शेगडी पेटवली, गळक्या गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. चार माणसं गेली. त्यानंतर तशा कितीतरी इमारतींतून गॅस काढून टाकला आणि महापालिकेच्या भाडेकरूंच्या नशिबी वीज आली. १९७८ साली 'इकॉनॉमी ७' आलं, म्हणजे रात्रीचे सात तास स्वस्त. ज्यांच्याकडे दुसरा इलाज नाही त्यांना निदान रात्र तरी स्वस्त मिळावी, एवढा जुना करार.

तो करार अजून चालू आहे, फक्त भाव बघा. आमच्या वरच्या मजल्यावर ऐंशी ओलांडलेल्या आजीबाई राहतात. गाडी नाही, कधी नव्हती. त्या 'इकॉनॉमी ७'वर आहेत आणि रात्रीच्या युनिटला १५ पेन्सच्या आसपास मोजतात. खाली मी त्याच रात्री, त्याच तासाला, रस्त्यातून येणाऱ्या त्याच केबलमधून साडेसात पेन्सने घेतो. आजीबाईंची वीज एक मजला जास्त चढते, त्याचं भाडं लावलंय का? तुमच्यातले काही जण तर आणखी पुढे गेलेत. त्यांच्याकडे गाडीने घेतलेली तेवढीच वीज स्वस्त. त्याच घरातल्या हीटरने शेजारच्या भिंतीतून घेतली की महाग. बँकेच्या लॉकरला नसेल एवढी चौकशी एका युनिटच्या चालचलणुकीची!

मागच्या खिडकीतून ढग नसतील तेव्हा व्हाइटलीच्या पवनचक्क्या दिसतात. २१५ आहेत. वारा सुटतो आणि विजेला इंग्लंडकडे जायला तारा पुरत नाहीत, तेव्हा स्कॉटलंडमधल्या पवनचक्क्यांना थांबण्याचे पैसे दिले जातात. म्हणजे वीज आहे, वारा आहे, रात्र आहे, ती वीज रिचवायला शंभर किलोच्या वर वजनाच्या विटा घराघरात हजर आहेत. नाही तो फक्त तुमचा शेरा, 'ग्राहक पात्र आहे' असा.

तुमच्या माणसाला फोन केला तेव्हा त्याने मन लावून समजावलं. गाडी कशी 'लवचीक' ग्राहक आहे. जाळ्यावर ताण आला की तिचं चार्जिंग दुरून थांबवता येतं, मग पुन्हा सुरू करता येतं. हीटरचं तसं नाही म्हणे. साहेब, तो मुलगा वयाने लहान असेल, तुम्ही तरी आठवा. १९८० च्या दशकापासून बीबीसीच्या रेडिओ ४ च्या लाँग वेव्हवर, १९८ किलोहर्ट्झवर, ड्रॉइटविचच्या आणि इथे स्कॉटलंडात वेस्टरग्लेन, बर्गहेडच्या मनोऱ्यांवरून बातम्यांच्या आणि जहाजांच्या हवामान अंदाजाच्या खालून न ऐकू येणारे संकेत जात होते, आणि लाखो घरांतले हीटर त्या हुकमासरशी चालू-बंद होत होते. तुमचं अ‍ॅप बाजारात येण्याच्या कितीतरी आधी. ती सेवा २०२५ च्या उन्हाळ्यापासून टप्प्याटप्प्याने गुंडाळायला घेतली. चाळीस वर्षं दुरून हुकूम पाळणाऱ्या यंत्राला तुम्ही हेकट ठरवलंत, आणि लवचिकतेचा मान कालच्या गाडीला.

माझ्यापुरता तरी हीटरचा प्रश्न सुटला असेल असं तुम्हाला वाटत असेल. गाडी आहे, दर आहे, तिन्ही हीटरना स्वस्त वीज. तीन मिळून ते साडेआठ किलोवॉट ओढतात. पण त्यांची तार वेगळी आहे. मीटरच्या पाचव्या टर्मिनलमधून निघते आणि मीटर ठरवेल तेव्हाच जिवंत होते. तुमचा दर साडेबारा ते साडेपाच. नवा स्मार्ट मीटर बसवताना त्या तारेचं वेळापत्रक मात्र जुनंच राहू दिलंत: साडेबारा ते साडेसात. कडाक्याच्या रात्री पहिल्या पाच तासांत साडेबेचाळीस युनिट जातात, त्याचे ३ पाउंड १९ पेन्स. पुढच्या दोन तासांत सतरा युनिट, दिवसाच्या २८ पेन्सने ४ पाउंड ७६. पाच तासांच्या स्वस्ताईपेक्षा दोन तासांची महागाई मोठी, आणि ती सगळी मी झोपेत असताना.

वेळापत्रक दुरुस्त केलंत तरी विटांना सातऐवजी पाच तास मिळणार. थंडी काही तेवढ्या प्रमाणात कमी पडणार नाही, संध्याकाळ आणखी लवकर गारठेल. शिवाय स्वस्त वेळ आखडली की सगळ्यांनी त्यातच उरकायचं: हीटरचे सदतीस अँपिअर, गाडीचे बत्तीस, गरम पाण्याच्या टाकीचे तेरा. बेरीज ब्याऐंशी. आमचा मुख्य फ्यूज ऐंशीचा. चार्जर बसवणाऱ्या इलेक्ट्रिशियनने शहाणपणाने एक यंत्र लावलं, भार वाढला की ते गाडीचा घास काढून घेतं. ज्या गाडीच्या जिवावर हा दर मिळाला, ती बिचारी पहाटे अर्धपोटी उभी.

तर मुख्य मुद्द्यावर येतो. आजीबाईंच्या हॉलमधला मोठा हीटर ३.४ किलोवॉटचा आहे. सात तासांत तो २३.८ युनिट साठवतो. तुमच्या लाडक्या गाड्यांमधली पहिली यशस्वी निसान लीफ २०११ मध्ये ब्रिटनमध्ये आली, २०१३ पासून इथेच सन्डरलंडला बनू लागली. तिची बॅटरी होती २४ युनिटची. म्हणजे आजीबाईंच्या हॉलमध्ये जवळजवळ एक लीफ कधीपासूनची उभी आहे. फक्त ती कुठे जात नाही, टोल चुकवत नाही, दुसऱ्याच्या दारात पार्क होत नाही. अशा सद्‌गुणी वाहनाची नोंद करून घ्यावी, एवढीच विनंती.

तुमचा अर्ज मी आजीबाईंच्या वतीने भरून सोबत जोडला आहे. वाहनाचा प्रकार: कपाट. रंग: मूळचा पांढरा, आता पिवळट. आसनसंख्या: एक, मांजर. चार्जिंगची जागा: स्वतःच्या मालकीची, छताखाली. रोजचा सरासरी प्रवास: शून्य मैल. ही शेवटची ओळ तुमच्या संगणकाने नाकारली, म्हणून कागदावर पाठवतो आहे.

पाचव्या टर्मिनलची वेळ बदलायला माणूस पाठवणार असाल तर सकाळी नऊच्या सुमारास पाठवा. घर चांगलं उबदार असतं, चहाही मिळेल. तुमच्याकडून संध्याकाळी सहा ते आठ अशी वेळ मिळण्याचाच संभव जास्त. तसं असेल तर त्याला अंगातला कोट काढू नको म्हणून बजावून ठेवा.

आपला,
तळमजल्यावरचा पात्र ग्राहक