मशीन चालूच हाये त...

गालिचा धुऊन देण्याचे पैसे असतात, ही कल्पना मालेगावात अजून नीटशी रुजलेली नाही. विकत घेण्याचे असतात, हे मान्य. तो अंथरायचा, पाहुण्यांना त्यावर बसवायचं आणि घरच्या पोरांना बसू द्यायचं नाही, हेही मान्य. पण मळला तर? तर उलटा करायचा. उलटी बाजू मळली की आतल्या खोलीत, तिथून ओट्यावर, आणि शेवटी तुकडे करून ट्रॅक्टरच्या सीटवर. गालिच्याचा वानप्रस्थ हा असा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. त्याच्या मध्ये पडून कोणी म्हणायला लागलं, की आणा, मी धुऊन देतो, चौरस फुटाला पाच रुपये, तर माणसं त्याच्याकडे काळजीनं बघतात.

आमचा भाचा मध्ये पडला. पुण्यातली नोकरी सोडून गावी आला, घरामागच्या जागेत उताराचा कोबा करून घेतला, जोरात पाणी मारायचं मशीन आणि धूळ ओढायचं मशीन आणलं, आणि गालिचा-सोफा-सतरंजी धुलाईची पाटी लावली. ताईनं दोन दिवस अन्न गोड लागत नसल्याचं सांगितलं आणि मग मला बोलावून घेतलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. "दर काढून द्या मामा," भाचा म्हणाला, "बाकीचं मी पाहतो."

मालेगाव म्हणजे कोणतं, हे आधी सांगितलेलं बरं. यंत्रमागांचं, नाशिक जिल्ह्यातलं, पेपरात येणारं ते आमचं नव्हे. आमचं वाशीम जिल्ह्यातलं, मालेगाव जहांगीर. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा निघाला, तेव्हापासून जिल्हा सांगायला सोपा झाला. गावाच्या नावाचा घोळ मात्र अजून तोच. अकोल्याहून हिंगोलीकडे जाणारा आणि नागपूरहून मेहकरमार्गे संभाजीनगरकडे जाणारा, असे दोन रस्ते आमच्या गावात एकमेकांना भेटतात. त्यामुळं बरंचसं जग आमच्याकडून जातं, पण थांबतं ते फक्त चहाला. भाच्यानं मोबाइलच्या नकाशावर धंद्याची खूण टाकली आणि पहिलाच फोन त्या दुसऱ्या मालेगावहून आला. संध्याकाळपर्यंत माणूस पाठवा म्हणे. मध्ये तीनशेहून जास्त किलोमीटर. भाच्यानं नम्रपणे अडचण सांगितली. त्या गृहस्थांनी तितक्याच नम्रपणे 'वेळेवर येत नाहीत' असं लिहून एक तारा दिला. एकही गालिचा न धुता कीर्ती पसरली.

चौरस फूट ही गोष्ट आमच्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही. लेआउट आणि प्लॉट यांच्या कृपेनं दहावी नापास माणूसही क्षेत्रफळ तोंडी काढतो. माझी गणिताची पाठ्यपुस्तकं जे करू शकली नाहीत ते प्लॉटच्या दलालांनी करून दाखवलं. पण हेच ज्ञान आमच्यावर उलटलं. दहा बाय बाराचा गालिचा, म्हणजे १२० चौरस फूट, पाचाच्या दरानं ६०० रुपये, एवढं म्हणेपर्यंत गिऱ्हाईक टेपचं दुसरं टोक धरून उभं.

"झालर सोडून मोज."

झालर सोडली.

"इथं उंदरानं कुरतडलं हाये. तेवढं कमी धर."

तेवढंही धरलं. मग शेवटचा घाव, "पाणीच त मारता ना राजेहो? त्याचे सहाशे? एवढ्यात त नवा येते."

नवा खरंच येतो, हीच पंचाईत. खांद्यावर गालिच्यांची चळत टाकून गल्लीबोळांतून फिरणारा फेरीवाला 'असली भदोही' म्हणून तीन हजार सांगतो आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नऊशेला देऊन जातो. धुलाईचा भाव त्यामुळं धुलाईवरून ठरतच नाही. तो त्या नऊशेच्या खाली कुठंतरी बसवावा लागतो. सोयाबीन पिकवणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. पण बाजार समितीत ढीग घातला की ओलावा, डागी दाणा, काडीकचरा असं म्हणत म्हणत व्यापारी त्या आकड्याचं काय करतो, हे आमच्या तालुक्यात सगळ्यांना पाठ आहे. भाच्याच्या पाटीवरचे पाच रुपये हा त्या जातीचा हमीभाव. आणि गंमत अशी, की बाजारात स्वतः नागवला गेलेला शेतकरी आमच्या कोब्यावर आला की हुबेहूब व्यापाऱ्यासारखा गालिच्यात बोट खुपसून मान हलवतो.

मी वही घेऊन बसलो. 'पाणीच तर मारायचं' या आरोपाची आधी शहानिशा केली. एका गालिच्याला धुऊन-खळबळून साधारण ३०० लिटर पाणी. उन्हाळ्यात ५,००० लिटरचा टँकर आम्हाला ८०० ला पडतो, म्हणजे पाणी ४८ रुपयांचं. शाम्पू २५, वीज १०, आणायला-पोचवायला पेट्रोल ३०. झाले ११३. उरला माणूस. दोन पोरं, पाचशे-पाचशे रोजी, दिवसाचे हजार. दिवसाला आठ गालिचे निघाले तर एका गालिच्यावर मजुरी १२५ बसते. तीनच निघाले तर ३३३. म्हणजे आठ धुतले तर गालिचा २३८ ला पडतो, तीन धुतले तर ४४६ ला. अशा तीनच्या दिवशी कोणी सहाशेचे चारशे करून घेतले, तर प्रत्येक गालिच्यामागं ४६ रुपये आपणच गिऱ्हाइकाला देतो, वर घरपोच. मशीनची झीज मी वहीत धरलीच नाही. ताई शेजारी बसली होती.

मग आठ का निघत नाहीत? मळ जास्त म्हणून? छे. मळ बिचारा मुकाट्यानं निघतो. आमच्या तालुक्यात जमिनीला न टेकता राहण्याची सोय एका शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मूर्तीचीच. बाकी सगळ्यांचे पाय काळ्या मातीत. ही माती ओली झाली की चिकटते, म्हणून पाणी लावायच्या आधी गालिचा उलटा टाकून कोरडाच झोडायचा. निम्मं काम तिथंच होतं. खालून माती निघते, सोयाबीनचा भुसा निघतो, कुठल्यातरी लग्नाच्या अक्षता निघतात. एकदा चांदीचं जोडवं निघालं. ते परत करायला भाचा गेला तर घरात दोन जावांचा अबोला त्याच जोडव्यावरून चालू होता. तो मिटवूनच त्याला उठता आलं. त्या दिवशी दोनच गालिचे.

खरा वेळ खातो तो चहा. गालिचा न्यायला माणूस दारात आला, गालिचा उचलला आणि गेला, असं सभ्य घरात होत नाही. आधी 'कोणाचा तू?' मग आजोळ. मग ताईच्या सासरचं कोणीतरी त्यांच्या मामेसासऱ्याच्या गावचं निघतं. गालिच्यावर टीपॉय असतो, टीपॉयवर टीव्हीचा रिमोट आणि त्याखाली लाइटबिलं, एका कोपऱ्यावर दिवाण असतो आणि दिवाणावर आजी. आजी उठेपर्यंत चहा होतो. चहा झाला की ओळख पक्की होते, आणि ओळख पक्की झाली की सहाशेचे चारशे होतात. वेळही गेला आणि भावही. "चहा नको" म्हणून भाच्यानं पाहिलं. "पोराले घमेंड आली" असं संध्याकाळी ताईच्या कानावर आलं.

मजुरांचं दुखणं निराळं. वर्षात धुलाईची गर्दी दोनदा. एक लग्नसराई उलगल्यावर, तेव्हा बिछायत केंद्रवाले जाजमं आणि लाल पट्ट्या टेम्पोनं आणून ओततात, ठोक भाव मागतात आणि पैसे 'सोयाबीन निघालं का देतो' म्हणतात. त्यांच्याकडे सोयाबीन नसतं, पण त्यांचे पैसे ज्यांच्याकडे अडकलेले त्यांच्याकडे असतं. आणि दुसरी गर्दी नवरात्र-दिवाळीची, जेव्हा घराघरातलं सगळं अंथरूण-पांघरूण बाहेर निघतं. नेमकी त्याच वेळी सोयाबीनची सोंगणी. गावातला हातपाय हलवू शकणारा प्रत्येक माणूस वावरात. मिळतील ते म्हणतात, "रोजीनं नाई जमत, गुत्त्यानं द्या." गुत्त्यानं दिलं तर बारा गालिचे निघतात, डागांसकट. रोजीनं दिलं तर एक गालिचा असा लख्ख निघतो की त्याची मूळ नक्षी पहिल्यांदाच उजेडात येते, आणि पाच वाजतात.

भाच्याला धीर यावा म्हणून मी त्याला विंडसर किल्ल्यातल्या गालिच्याची गोष्ट सांगितली. व्हिक्टोरिया राणीसाठी आग्र्याच्या तुरुंगात कैद्यांनी विणलेला, वजन दोन टन. १९९२ साली किल्ल्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळायला पन्नास सैनिक लागले. पन्नास माणसं, एक गालिचा! तुझ्याकडे निदान दोन तरी आहेत.

"आग कोणत्या महिन्यात लागली, मामा?"

"नोव्हेंबर. वीस तारीख."

"म्हणून भेटले पन्नास. सोंगणीत लागली असती म्हणजे कळलं असतं राणीले."

हळदीच्या डागाचं प्रकरण मात्र माझ्या डोळ्यांसमोर घडलं. लग्नघरचा फिका गालिचा, मधोमध हळदीचा हातभर डाग. भाच्यानं साबण लावला आणि पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला. गालिच्याची मालकीण तिथंच उभी होती. तिनं जो हंबरडा फोडला त्यानं अकोला रोडवरचे दोन ट्रक हळू झाले. वास्तविक यात नवल काही नाही. हळदीतलं कर्क्युमिन क्षाराला लागलं की लाल होतं, साबण म्हणजे क्षारच. कुंकू करायची जुनी रीतही हळदीला क्षार लावूनच. आणि हाच रंग उन्हाला अगदी कच्चा. भाच्यानं साबण धुऊन काढला, लाल पुन्हा पिवळा झाला, मग गालिचा टिनांवर उन्हात टाकला. एप्रिलचं वऱ्हाडी ऊन. दुपार कलेपर्यंत डाग पुसट, दुसऱ्या दिवशी हुडकावा लागावा इतका. मला वाटलं, आता तरी ही बाई पाटीवरचा भाव देईल. तिनं गालिचा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "उन्हानंच गेला ना डाग? मंग तुले कायचे पैसे?"

उन्हाचा दर वहीत नव्हता, हे खरं.

तरी हे सगळं परवडलं, एक वाक्य नाही परवडत. 'मशीन चालूच हाये त...' त्यापुढं काहीही येऊ शकतं. एवढी गोधडी घे मारून. पायपुसणं घे. कूलरच्या जाळ्या. स्कूटी. अंगणातला शेवाळलेला कोपरा. ज्याला गालिच्याच्या फुटाफुटाचा हिशेब लागतो, त्याला या बाकीच्या वस्तूंना लांबी-रुंदी असते हे अजिबात पटत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी एका शेतकऱ्यानं चक्क बैलजोडी आणून कोब्यावर उभी केली. भाच्यानं मशीन बंद करून साध्या नळीनं हळूहळू पाणी सोडलं. मशीनच्या धारेनं चामडी सोलून निघाली असती. बैल इतके खूश झाले की हलेनात. पुढं ताटकळलेल्या तीन गालिचेवाल्यांपैकी कोणी कुरकुरलं नाही, उलट शिंगं कशी घासावीत यावर सल्ले दिले. पैसे? बैलाचे पैसे कोण मागतं! भाच्यानं खोबरं आणि गूळ आणून दिला, वर खर्च झाला.

शेवटी मी दरपत्रक मोडून नवं केलं. गालिचा आमच्याकडे आणून द्याल तर फुटाला चार रुपये, घरून न्यायचा असेल तर सहा. घासाघीस आता गिऱ्हाइकाला स्वतःशीच करावी लागणार होती. मधल्या दोन रुपयांसाठी माणसं काय करतील याचा मला अंदाज होता, पण इतका नव्हता. मेडशीहून दुचाकीवर आडवा गालिचा घेऊन एकजण आला. वाटेत समोरची वाहनं थांबून त्याला जागा देत होती. जऊळक्याहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाच घरांचे एकत्र आले. एसटीच्या टपावर आता काही ठेवू देत नाहीत म्हणून एका आजोबांनी गालिचा पाठीमागच्या सीटवर बसवून अर्धं तिकीट काढलं, असं ते स्वतः सांगतात. फेऱ्या बंद, पेट्रोल बंद, आजोळची चौकशी बंद. आठ काय, नऊ गालिचे निघायला लागले. भाचा कॉम्प्युटरवर आलेख काढून मला दाखवायला लागला.

फक्त एक झालं. आणून देणारी माणसं परत जाईनात. इतक्या लांबून आलो, धुऊन होईस्तोवर बसतो म्हणाली. बसलेल्या माणसाला चहा विचारावा लागतो, घर आपलं आहे. ज्या चहानं भाच्याला घरोघरी छळलं होतं तो आता किटली भरभरून आमच्याच दारात सुरू झाला. भाच्यानं शहाण्यासारखा तोही वहीत घेतला. दूध, साखर, पत्ती, गॅस, गालिच्यामागं अमुक.

ताईनं ते पान चष्मा लावून वाचलं. "आन चहा मांडाचे? कपबशा इसळाचे? ते कोणाच्या खात्यात हायेत?"

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. मी टेप गुंडाळायला घेतली.

"गालिच्यामागं तीस रुपये," ताईनं जाहीर केलं, "रोख. सोयाबीन निघाची वाट नाई पाहणार मी."

"आई, पंचवीस..." भाच्यानं सवयीनं सुरुवात केली.

"वळख हाये म्हणून तीस सांगतले. नाईत चाळीस होते."