काळी रिम, गोरा बर्फ

हिवाळी टायर बर्फासाठी असतात हा समज अर्धाच खरा आहे. ते मुळात थंडीसाठी असतात. तापमान ७ अंश सेल्सियसच्या खाली उतरू लागले की साध्या टायरचे रबर शिळ्या भाकरीसारखे होते: आकार तोच, पण वाकायला तयार नाही. रस्ता धरायचा तर रबराला डांबराच्या खाचाखोचांत शिरावे लागते. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिका वगैरे घालून ते कडाक्याच्या थंडीतही मऊ राहील अशी तजवीज केलेली असते. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिरा दिलेल्या असतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. 'ऑल सीझन' टायर करणाऱ्यांनी ऋतू मोजले, तेव्हा मॉन्ट्रियलचा जानेवारी बहुधा सुटीवर होता.

असले टायर पहिल्यांदा फिनलंडमध्ये झाले. १९३४ मध्ये ट्रकसाठी आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी ते करणारा कारखाना नोकिया नावाच्या गावचा. पुढे ज्या उद्योगसमूहाने न फुटणारे फोन विकले, त्याच्याच कुळातला हा कारखाना.

खरा हिवाळी टायर ओळखायचा तो कडेवरच्या चिन्हावरून: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. बर्फावरच्या पकडीची ठरावीक चाचणी पार केलेल्या टायरलाच हे चिन्ह मिळते. नुसती 'एम प्लस एस' ही अक्षरे नक्षीबद्दल सांगतात आणि ती उत्पादक आपणहून छापतो, त्यामुळे त्यांना स्वहस्ते लिहिलेल्या प्रशस्तिपत्राइतकीच किंमत द्यावी. कॅनडातल्या क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात डोंगर-हिमकणाच्या चिन्हाचे टायर कायद्यानेच लावावे लागतात. शेजारच्या ओंटारियोत तशी सक्ती नाही, मात्र २०१६ पासून विमा कंपन्यांना त्यांच्यासाठी हप्त्यात सूट द्यावी लागते. सक्ती नसल्यामुळे ब्रॅम्प्टन-मिसिसागाच्या मराठी मंडळींत हा विषय चर्चेला मोकळा राहतो. गणपतीची आरती झाली की प्रसादाच्या रांगेतच तो निघतो. ज्यांनी पुण्यात टायरची तार दिसेपर्यंत गाडी चालवली, ते इथे नक्षीच्या खोलीवर सर्वाधिकाराने बोलतात. नक्षी ४ मिलिमीटरपर्यंत झिजली की टायरची बर्फातली उमेद बरीचशी संपते, हे त्यांचे म्हणणे मात्र बरोबर असते.

खरी कसोटी मापाची. छोट्या गाडीचे उदाहरण म्हणून २०२२ ची होंडा सिव्हिक घ्यावी. तिच्या महागड्या 'टूरिंग' प्रकारात २३५/४० आर १८ मापाची चाके येतात आणि स्वस्त 'एलएक्स'मध्ये २१५/५५ आर १६. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा कडेची उंची सांगतो, रुंदीच्या टक्क्यांत. शेवटचा रिमचा व्यास, तो मात्र इंचांत. एकाच ओळीत तीन मोजपद्धती बसवण्याची ही करामत कोणी केली असेल त्याला कुठल्याही सरकारी खात्यात बढती मिळाली असती. हिशेब केला तर १८ इंची चाकाचा टायरसकट व्यास ६४५ मिलिमीटर भरतो आणि १६ इंचीचा ६४३. म्हणजे स्पीडोमीटरला फरक कळणारही नाही. कळतो तो मालकाला. टूरिंगचे पैसे मोजून हिवाळाभर एलएक्सच्या चाकांवर फिरायचे हे त्याच्या पचनी पडत नाही.

तरीही लहान चाकच योग्य. अरुंद टायर कमी जागेवर जास्त दाब देऊन भुसभुशीत बर्फ कापत खालच्या रस्त्यापर्यंत पोचतो, रुंद टायर त्याच्यावर तरंगू पाहतो. कड उंच असली की मार्चमधले खड्डे रबर सोसते, रिमला सोसावे लागत नाहीत. शिवाय १६ इंची टायर स्वस्त पडतो. सिव्हिकच्याच 'टाइप आर' या प्रकाराच्या मालकांनी मात्र या मोहात पडू नये. तिच्या ब्रेकचा पसारा १६ इंची रिममध्ये मावतच नाही.

टायरइतकीच रिमही महत्त्वाची. वेगळ्या रिमवर कायमचे बसवलेले हिवाळी टायर असले की दर मोसमाला टायर उचकटून पुन्हा चढवण्याची मजुरी वाचते. या कामाला पोलादी रिम उत्तम. ती जड, काळी आणि दिसायला दीनवाणी असते, पण रस्त्यावर टाकलेल्या मिठाने तिचे फारतर रंगरूप जाते, आणि ते मुळात नव्हतेच. तिची लाज झाकायला काही जण प्लास्टिकची व्हीलकॅप घेतात. ती पहिल्या मोठ्या खड्ड्यात गाडीचा निरोप घेते. वसंतात हमरस्त्याच्या कडेला अशा टोप्या मुबलक मिळतात, चारही सारख्या मात्र मिळत नाहीत.

रिम सिव्हिकला बसायची तर ११४.३ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर पाच भोके हवीत आणि मधले भोक ६४.१ मिलिमीटरचे हवे, किंवा मोठे असल्यास कडी घालून तेवढे केलेले. नटांच्या बाबतीत थट्टा नको. होंडाच्या मूळ नटाची बैठक गोलाकार असते, बाहेरच्या बहुतेक रिमना शंकूच्या आकाराची लागते. बैठक जुळली नाही तर नट नीट टेकत नाही आणि चाक ढिले पडते.

दुकानदार हवेच्या दाबाचे चार सेन्सरही सुचवतो. अमेरिका-कॅनडातल्या या सिव्हिकमध्ये दाबाचा अंदाज चाकांच्या फिरण्याच्या वेगावरून काढला जातो. त्यामुळे सेन्सर लागत नाहीत, चाके बदलल्यावर ती यंत्रणा फक्त नव्याने जुळवावी लागते. हे नम्रपणे सांगितल्यावर दुकानदाराचा उत्साह जरा मावळतो.

दुसरी काटकसर मात्र करू नये. सिव्हिकला पुढची चाके ओढतात, म्हणून तिथे दोनच टायर घालायचे हा विचार काटकसरी मनाला फार भावतो. मग पुढचा भाग वळणावर घट्ट धरून राहतो आणि मागचा त्याला मागे टाकून पुढे यायला बघतो. चार म्हणजे चारच.

चाके बदलण्याची वेळ सप्टेंबरअखेरच ठरवून ठेवावी, कारण पहिला बर्फ पडल्यावर कुठल्याही गॅरेजचा फोन लागत नाही. काढलेल्या चाकांवर खडूने पुढचे-मागचे, डावे-उजवे लिहून ती तळघरात आडवी रचावीत. आणि शंभरेक किलोमीटर गाडी चालली की नट टॉर्कच्या पान्याने पुन्हा तपासावेत. सिव्हिकसाठी तो आकडा १०८ न्यूटन मीटर आहे.