लॅपटॉप पुसण्याआधी मजकूर सोडवा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे ठणठणीत लॅपटॉप निकालात निघाले. मग घरातला जाणकार सांगतो, ‘काका, लिनक्स टाकू. तुमचं लिहायचं सॉफ्टवेअर वाइनवर चालेल.’ सल्ला चांगला आहे, पण अर्धाच.

वाइनबद्दल मला आदर आहे. १९९३ ला सुरू झालेल्या या प्रकल्पाची १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं. विंडोजचा प्रोग्राम जे जे मागतो ते वाइन लिनक्सकडून मिळवून देतं. वाइन हाताळायला ‘बॉटल्स’ हे अ‍ॅप वापरलं तर टर्मिनलही फारसं उघडावं लागत नाही. पण हार्डवेअरचे ड्रायव्हर हा वाइनचा प्रांत नव्हे, आणि मराठीच्या काही जुन्या पॅकेजना डाँगल, म्हणजे परवान्याची हार्डवेअर किल्ली, खोचल्याशिवाय सुरूच होता येत नाही. गाडं तिथेच अडतं.

जाणकारानं आधी विचारायला हवं ते वेगळंच: काका, तुमचं लिखाण कोणत्या फॉन्टमध्ये आहे?

श्रीलिपी या मराठी लिहायच्या पॅकेजच्या जुन्या फॉन्टमधली फाइल लिनक्सवर लिब्रेऑफिसमध्ये उघडून पाहा. परिच्छेद जागच्या जागी असतात, आणि ‘काही’ या शब्दाच्या जागी एच, डॉलरची खूण, एम, एच, आर. संगणकाच्या लेखी तिथे मराठी कधी नव्हतीच. रोमन अक्षरांना देवनागरी आकार दिले होते, इतकंच. तोच फॉन्ट लिनक्सवर टाकला तर मजकूर दिसेल, पण त्यात एखादं नाव शोधायचं किंवा तो मेलमध्ये चिकटवायचा म्हटलं की पुन्हा तीच खिचडी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरी पुढं कित्येक वर्षं वर्तमानपत्रांनी आणि प्रकाशकांनी लेखकांकडून याच फॉन्टमधल्या फाइली घेतल्या. याचा मला राग येतो. लेखकानं सांगितलं तसं लिहून दिलं, आणि आता निस्तरायचंही त्यानंच!

तेव्हा जाणकारहो, जुनं विंडोज चालू आहे तोवरच सगळं लिखाण युनिकोडमध्ये आणा. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि पहिली वेलांटी हमखास इकडची तिकडे होते, म्हणून प्रत्येक पान डोळ्यांखालून घाला. मूळ फाइली आणि फॉन्ट पेन ड्राइव्हवर वेगळे जपा. मग खुशाल लिनक्स टाका. इनस्क्रिप्ट येत असेल तर सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड जोडला की झालं; रोमनमधून टाइप करायची सवय असेल तर आयबस या लिनक्सवरच्या टायपिंगच्या साधनात त्याचीही सोय होते. एवढ्यावर बहुतेकांचं लिहिणं सुरू होतं, वाइन लागतही नाही.

आणि हे फोनवरून सांगू नका. रविवारी जा, काकांच्या शेजारी बसा. गळलेला रफार कुठं होता, ते त्यांना विचारूनच भरायचं आहे.