चेहऱ्यावरचा भाव

चंडीगडमध्ये भुतांची फार गैरसोय आहे. ल कार्बुझिएनं शहर आखताना सेक्टरागणिक बाजार दिला, शाळा दिली, बाग दिली. पण पडका वाडा, बुजलेली विहीर, तिठ्यावरचा पिंपळ यांची काही तरतूद केली नाही. मूळ आखणीत 13 नंबरचा सेक्टरसुद्धा नव्हता. तो आकडा 2020 साली मनीमाजराच्या गळ्यात बांधला. अशा ठिकाणी बँकेच्या बदलीनं येऊन पडलेल्या कोकणी माणसानं करायचं काय? आमच्या वेताळकाकांनी भुतं घरी आणून ठेवली. लोखंडी कपाटात, नंबरवारीनं.

काकांचं खरं आडनाव इथल्या मराठी मंडळींत आता कुणाला आठवत नाही. 1964 साली सुरू झालेलं इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही निघायचं, आणि त्यात फँटमला 'वेताळ' म्हणत. त्या वेताळाचे अंक काकांकडे आहेत म्हणून ते वेताळकाका. "पण काका, तो काही भूत नव्हे, घट्ट कपड्यांतला धडधाकट माणूस," असं मी एकदा म्हणालो. "जंगलातले लोक त्याला अमर समजतात ना? मग झालं," काका म्हणाले. संग्राहकाला वस्तू हवी असली की व्याख्या आपोआप सैल होते.

कपाटाच्या वरच्या कप्प्यात वेताळ. शेजारी 'चांदोबा', राजा विक्रमाच्या खांद्यावरच्या प्रेतासाठी. त्याखाली नारायण धारप, आणि 'नवल', 'धनंजय'चे जुने दिवाळी अंक. मधला कप्पा राज कॉमिक्सच्या 'थ्रिल हॉरर सस्पेन्स'चा. ही हिंदी कॉमिक्स एके काळी उत्तरेत गल्लोगल्ली दिवसाच्या भाड्यानं मिळत, त्यामुळे वाचनालयाचा शिक्का, भज्याचं तेल आणि कुणा पप्पूनं चुडैलीला काढलेल्या मिशा यांच्यासकट ती काकांपर्यंत पोचतात. मिशा बॉलपेनच्या असल्या तर काकांना दोन दिवस जेवण जात नाही. पेन्सिलीच्या असल्या तर आशा असते.

अशी माणसं प्रत्येक शहरात एखाददुसरी असतातच. त्यांना भुतांचं भय अजिबात नसतं. त्यांना भय असतं कसरीचं, उन्हाचं, गंजणाऱ्या पिनांचं आणि प्रेमानं चिकटपट्टी लावणाऱ्या नातेवाइकांचं. लाकडाच्या लगद्याचा तो स्वस्त कागद. उजेड लागला की पिवळा पडतो, पुढे पापडासारखा तुटतो. म्हणून काकांच्या खोलीत मे महिन्यातही पडदे ओढलेले. प्रत्येक अंकाला पारदर्शक पिशवी, पाठीला नव्या शर्टाच्या घडीतला पुठ्ठा. अंक बघायचा तर आधी हात धुवायचे, मग कोरडे पुसायचे, मग ते काकांना दाखवायचे. आमच्यापैकी कुणी नवे बूट घेतले की खोक्यातली सिलिका जेलची पुडी काकांकडे पोचवावी, असा अलिखित नियम आहे.

"हा वाचलात का?" असं मात्र त्यांना विचारू नये.

"वाचायला उघडला की मणका मोडतो," ते म्हणतात. मणका अंकाचा, पण सांगताना कळ काकांच्या पाठीतून जाते.

त्यांची खरी भाषा म्हणजे प्रतवारी. अमेरिकेत 2000 सालापासून सीजीसी नावाची कंपनी कॉमिक्सना 10 पैकी गुण देते आणि अंक कडक प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद करते. पुन्हा म्हणून पान उलटायचं नाही. काकांच्या लेखी हा मोक्ष. या प्रतवारीत 'गुड' म्हणजे 10 पैकी 2, 'व्हेरी गुड' म्हणजे 4 आणि 'फाइन' म्हणजे 6. हे ठाऊक नसल्यामुळे काकूंनी एकदा भाचीसाठी आलेल्या स्थळाचा फोटो पुढे केला तेव्हा घोटाळा झाला. काका निरखून म्हणाले, "व्हेरी गुड." काकूंनी तिकडे होकाराचा फोन केला. सुपारी फुटल्यावर काका हळूच म्हणाले, "कोपरे जरा झिजलेत, पण पानं सगळी असावीत."

काकांचा इतिहासही पक्का. अमेरिकेत ईसी कॉमिक्सच्या भयकथांवरून गहजब झाला आणि एप्रिल 1954 मध्ये प्रकाशक विल्यम गेन्स सिनेटच्या उपसमितीपुढे उभे राहिले. एका मुखपृष्ठावर कुऱ्हाड आणि बाईचं तोडलेलं मुंडकं. हे सुरुचीत बसतं का, असा प्रश्न आला. भयकथेच्या मुखपृष्ठाला बसतं, असं गेन्स म्हणाले; मुंडकं जरा वर धरून मानेतून ठिबकणारं रक्त दाखवलं असतं तर मात्र बसलं नसतं. काका हा प्रसंग सांगताना उभे राहतात. त्याच वर्षी कॉमिक्सना आचारसंहिता आली आणि भुतं हद्दपार झाली. दहा वर्षांनी 'क्रीपी' निघालं ते मोठ्या आकाराचं, कृष्णधवल. म्हणजे कॉमिक नव्हे, मासिक, म्हणून आचारसंहितेच्या बाहेर. "भूत मोठं केलं की नियम घाबरतो," हे काकांचं सार.

आपल्याकडेही 1956 साली तरुणांना बिघडवणाऱ्या प्रकाशनांविरुद्ध कायदा झाला. किळसवाण्या, भयंकर घटनांच्या चित्रकथा त्यात येतात, 'तरुण' म्हणजे विसाच्या आतला, आणि शिक्षा सहा महिन्यांपर्यंत. या कायद्याची चंडीगडात कुणी अंमलबजावणी करत असेल तर ते काकाच. अठरा वर्षांच्या नातवानं अंक मागितला की ते कलम सांगतात. नातवाच्या हातात त्या वेळी कुरकुऱ्यांची पिशवी असते, हा निव्वळ योगायोग.

"एवढ्या रद्दीचं करायचं काय?" असं काकूंनी विचारलं की काका शहराचे दाखले देतात. नेकचंद हे बांधकाम खात्यातले रस्ता निरीक्षक. फुटक्या बांगड्या आणि मोडकी बेसिनं गोळा करत त्यांनी जंगलात गुपचूप रॉक गार्डन उभं केलं. ते 1976 मध्ये लोकांना खुलं झालं आणि 1984 मध्ये नेकचंदना पद्मश्री. दुसरा दाखला खुर्च्यांचा. पियेर जानरेच्या इथल्या सरकारी खुर्च्या मोडीत निघाल्या, भंगाराच्या भावात गेल्या आणि परदेशातल्या लिलावांत लाखांना विकल्या गेल्या. 2011 साली केंद्रानं बंदी घातली तोवर पुष्कळ उडून गेल्या होत्या. "मी बँकेत तसल्याच खुर्चीवर बसायचो की काय, कोण जाणे," काका म्हणतात. भुताच्या गोष्टीनं त्यांना कधी हुरहूर लागत नाही, या खुर्चीनं लागते.

काकांचा खरा कस लागतो तो मात्र रविवारी सकाळी, कबाड्याची हातगाडी आली की.

त्या दिवशी मी गॅलरीतच होतो. गाडीवर सुतळीनं बांधलेला गठ्ठा, वर दहावीचं गाइड आणि मधून डोकावणारा हिरवट पंजा. काकांनी आधी कुकरची चौकशी केली. मग पंख्याची. मग उगाच आभाळाकडे पाहत गठ्ठ्याला हात लावला. कबाडी गालात हसला. "भूतां वाली दा रेट वखरा है, जी."

काका हात हलवत वर आले. सगळ्या सेक्टरात भुतांचा दर वाढला होता, आणि तो वाढवणारं गिऱ्हाईक एकच होतं.

काकू कणकेच्या हातानंच खाली उतरल्या. गठ्ठ्याकडे न बघता म्हणाल्या, "ये कचरा कैसा दिया?" तो किलोचा भाव म्हणाला. काकूंनी त्यातून रिकाम्या बाटल्यांचे पैसे वळते करून घेतले आणि गठ्ठा वर आणून जेवणाच्या टेबलावर आपटला. काका कळवळले. मग एकेक अंक उलगडत पुटपुटू लागले, "व्हेरी गुड... हा तर फाइन..."

"सगळे मिळून कितीचे होतील?"

काकांनी आकडा सांगितला. काकूंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"मग विकून टाका की. सोफा येईल."

काकांच्या कपाटात पाचशे तरी मुखपृष्ठं आहेत. किंचाळणारी, डोळे पांढरे केलेली. त्या क्षणीच्या काकांची सर एकालाही नाही. भाव म्हणतात तो चेहऱ्यावरच असतो, हे कबाड्याला आधी कळलं होतं. मला तेव्हा कळलं.

काकू हसल्या. "राहू द्या हो."

आता दर रविवारी गाडीवर काकूच जातात. त्याबद्दल कपाटाचा खालचा कप्पा त्यांनी परत घेतला आहे. तिथं त्यांची पैठणी आहे आणि पैठणीच्या घडीत सिलिका जेलची एक पुडी. ती काकांनी, कुणी न मागता, आपल्या साठ्यातून दिली.