चढ नसलेला गोवा

पाणी आणि पन्नाशी ओलांडलेला माणूस यांचं एका बाबतीत पक्कं जमतं. चढ दोघांनाही नको असतो. तिळारीच्या अभियंत्यांना हे पाण्याच्या बाबतीत ठाऊक होतं, म्हणून दोडामार्गच्या डोंगरातून गोव्याच्या शेतांपर्यंत त्यांनी कालवा असा काढला, की पाण्याला कुठेही दम लागू नये. टेकडी आडवी आली तर कापली, ओढा आला तर वरून जलसेतू टाकला, आणि दोन्ही परवडेना तिथे निमूटपणे वळसा घातला. मग कालव्यावर देखरेख ठेवणाऱ्यांच्या जीपसाठी काठाकाठाने रस्ता केला. ती जीप कधीमधी येते. बाकीच्या वेळी तो रस्ता माझ्या सायकलीचा, गुरांचा आणि एका लंगड्या कुत्र्याचा असतो. कुत्रा तिन्ही पायांवर माझ्यापेक्षा जोरात पळतो, हा भाग वेगळा.

तिळारी हा महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त प्रकल्प. धरण सिंधुदुर्गात, तहान मुख्यतः गोव्यात. १९९० साली करार झाला, त्यात सुमारे ७३ टक्के वाटा गोव्याचा आणि उरलेला महाराष्ट्राचा ठरला. सायकलवाल्यांचा वाटा किती, याबद्दल करारात अवाक्षर नाही, तेव्हा मी तो शंभर टक्के धरून चालतो. उजवा कालवा पेडण्यात शिरतो. डावा डिचोलीतून खाली बार्देशकडे सरकतो. मधून खरी नदी वाहते. दोडामार्गात ती तिळारी, आमच्याकडे कोलवाळची नदी आणि समुद्राला भेटताना शापोरा. आधार कार्डाशिवाय दोनदा नाव बदलून घेतलेली ही एवढीच गोंयकार असेल.

पेडण्याचे बाकीचे रस्ते सायकलवाल्याला उभ्या जन्माचा धडा देतात. इथे एका गावातून दुसऱ्या गावात जायचं म्हणजे एक सडा चढायचा, वर धापा टाकत जांभा दगड बघायचा, आणि पलीकडे ब्रेकांचा वास काढत उतरायचं. महामार्ग सपाट केलाय, पण तिथे जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळाकडे निघालेल्या टॅक्सी आहेत. आत बसलेल्या प्रवाशाचं विमान सुटायला नेहमी चाळीसच मिनिटं उरलेली असतात. त्यांच्यामागे भाड्याच्या स्कूटरवरचे पर्यटक. त्यांतला पुढचा चालवतो आणि मागची मोबाईलमधला नकाशा वाचते, आणि दोघांचं डाव्या-उजव्याबद्दल एकमत नसतं. पणजीजवळ पाण्याच्या कडेने जाणारा सुंदर सपाट रस्ता आहेच: रायबंदरचा पोंत द लिन्यारिश, १६३३-३४ मधला, एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं. पण जवळजवळ चारशे वर्षांत तिथली वर्दळ काही कमी झालेली नाही.

युरोपात कालव्याकाठी सायकल चालवणं हा रीतसर धर्म आहे. फ्रान्समधला कनाल द्यु मिदी १६८१ साली पुरा झाला. त्या काळी काठावरून घोडे चालत आणि दोरांनी होड्या ओढत. घोडे गेले, वाट राहिली, आणि आता त्या वाटेवरून निवृत्त डॉक्टर मंडळी सायकली दामटतात. आमच्या कालव्यात होडी कधीच नव्हती आणि घोडाही नव्हता. आमच्याकडे काठावर काजू आहे. मार्च-एप्रिलमध्ये पिकलेली बोंडं रस्त्यावर पडतात, टायरखाली चिरडतात, आणि अर्ध्या तासाने सायकलीच्या चाकांना फेणीच्या भट्टीचा वास येऊ लागतो. त्या दिवसांत घरी पोचल्यावर मला चाकांची बाजू मांडावी लागते.

पहिल्यांदा या रस्त्यावर आलो तेव्हा सरंजाम पूर्ण होता. हेल्मेट, हातमोजे, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, बुडाला गादी शिवलेली विजार. चाल बरी पडली होती. एवढ्यात मागून पों पों आलं. पोदेर, म्हणजे सायकलवरचा पाववाला! सायकलीला गिअर नाही, मागे माणूस मावेल एवढी बांबूची टोपली, वर निळं प्लास्टिक, आत गरम पोळ्या, उंडे आणि कांकणां. एक हात हॉर्नच्या रबरी फुग्यावर, दुसऱ्याने हँडल सांभाळत तो मला मागे टाकून गेला. जाताना "पाव जाय?" एवढं विचारलंही. त्याला दम लागला नव्हता. मी उंडे घेतले, कारण त्याला थांबवायचा दुसरा उपाय नव्हता. गोव्यात सायकलिंगची संस्कृती रुजवायला हवी, असं भाषणांत ऐकतो तेव्हा मला तो पोदेर आठवतो. रोज पहाटे तो ही संस्कृती वाड्यावाड्यांत पोचवत असतो, आणि आपण तिला लोणी लावून खातो.

कालव्याकाठी माणसं भेटतात ती सवडीची. चांदेलच्या बाजूला एक आजोबा गुरं राखत बसतात. त्यांनी सायकल चहूबाजूंनी न्याहाळली.

"कितल्याक घेतली?"

मी खरी किंमत सांगितली. बायकोला सांगितलेली नव्हे.

"तितल्यात म्हस येता," ते म्हणाले. थोडा वेळ गेला. मग अगदी माझ्या भल्यासाठी बोलल्यासारखे, "आनी म्हस दूद दिता."

पलीकडे पायऱ्यांवर एक मावशी गोधडी धूत होती. तिला दुसरीच काळजी. "पुता, पेट्रोल सोंपलें?" मी म्हणालो, व्यायाम करतोय. तिने हातातली ओली गोधडी वर धरली आणि म्हणाली, "मगीर हाका धर, पीळ मार." पीळ मारला. दोन्ही दंड आठवडाभर दुखले. जिमवाले याचे महिन्याला पैसे घेतात.

डाव्या कालव्याने साळकडे गेलं की मात्र वेळेचं भान ठेवावं लागतं. हे गड्यांचं गाव. शिमग्यात व्रत धरलेले गडे रात्री देवचार नावाच्या आत्म्याच्या मागे रानात जातात, आणि ते बघायला दुरून माणसं येतात. एरवीही इथे प्रत्येक वेशीला राखणदार आहे, आणि कालवा कितीतरी राखणदारांच्या हद्दी ओलांडत जातो. त्याने त्यांची परवानगी घेतली होती का, कोण जाणे. एकदा दिवेलागणीला तिथेच माझं मागचं चाक बसलं. ट्यूब बदलत होतो. एक गृहस्थ चालत आले, मदत न करता उभे राहिले आणि म्हणाले, "ही राखणदाराची वाट. काय दिलंस?" मी म्हणालो, अजून काही नाही. "विडी आसा?" विडी नव्हती, एक उंडा होता. तो दगडावर ठेवला. हवा भरून मागे बघितलं तर उंडा नव्हता आणि गृहस्थही नव्हते. कुणी खाल्ला, याचा मी तपास केला नाही. ट्यूब मात्र अजून टिकून आहे.

देवचाराचं भय निदान परंपरेचं आहे. २०२५ च्या सप्टेंबरात दोडामार्गकडून ओंकार नावाचा टस्कर हत्ती पेडण्यात उतरला, तेव्हा घरच्यांनी सायकलीची चावी लपवली. माझ्या सायकलीला चावीच नाही. त्यांनी स्कूटरची लपवली आणि निर्धास्त झाले. मी गेलो नाही, कारण हत्ती समोर आला तर डावीकडे कालवा, उजवीकडे काजूचं रान आणि गिअर कितीही असले तरी सगळे पुढे जायचेच, हे मला अगोदर सुचलं होतं.

आता थोडं कुरकुरतो. कालवा शेतीसाठी खणला. पण काठाने जाताना दोन्ही हातांना बघावं, तर वायंगणाची शेतं जाऊन तिथे कुंपणं, कुंपणांवर फोन नंबर, आणि फोन नंबरांमागे दिल्ली. धारगळला आयुर्वेद संस्था आली ते ठीकच. २०२४ च्या डिसेंबरात तिथेच सनबर्न हा संगीत महोत्सवही भरला, आणि भाताऐवजी भोंगे वाजले. शेतासाठी आलेलं बरंच पाणी आता नळाला जातं. चांदेलच्या प्रकल्पातून पेडण्याला, अस्नोड्याच्या प्रकल्पातून आम्हा बार्देशकरांना.

इथेच माझी नोकरी सुरू झाली. दोडामार्गच्या बाजूला कालव्याला अधूनमधून भगदाड पडतं, किंवा दुरुस्तीसाठी पाणी बंद होतं, आणि म्हापशात नळ फुसफुसायला लागतात. आमच्या इमारतीत मूळ पाणी डोळ्यांनी बघणारा मी एकटा. त्यामुळे सकाळी हेल्मेट काढायच्या आत दारात लोक जमतात. "आज किती?" मी हात छातीपाशी धरला की जिन्यात आनंद पसरतो. गुडघ्यापाशी नेला की दुसऱ्या मजल्यावरच्या बाई टँकरवाल्याचा नंबर फिरवतात. एकदा घाईत मी पोटाला खाजवलं, तर त्यांनी अर्धा टँकर मागवला.

परवा कालवा कोरडा होता. तळाला शेवाळ, एक चप्पल आणि त्या चपलेकडे बघत उभा असलेला बगळा. मी येऊन हात पार घोट्यापाशी नेला. सोसायटीचे अध्यक्ष गंभीर झाले. त्यांनी मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही नाहीतरी रोज तिथून जाताच. वाटेत ते कालव्याचं गेट असेल ना, त्याला मातशें वर करता येतं का बघा."