बुद्धी विकू नका, बी-१२ तपासा

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की स्मरणशक्तीचा बाजार तेजीत येतो. पावडरी, गोळ्या, तीन-तीन महिन्यांची ‘ब्रेन डाएट’ पॅकेजं. विकणारा स्वतःला न्यूट्रिशनिस्ट म्हणवतो आणि धास्तावलेले आईबाप पैसे मोजतात. धडधाकट, नीट जेवणाऱ्या मुलाची बुद्धी पावडरीने वाढते, याला भक्कम पुरावा नाही. अक्रोड मेंदूसारखा दिसतो, हा पुरावा नव्हे. ही फसवणूक आहे आणि तिला फसवणूकच म्हटलं पाहिजे.

जास्त राग येतो तो यासाठी, की मेंदू आणि आहाराचं खरं काम ढीगभर पडून आहे.

साठी ओलांडलेले शाकाहारी आजोबा घ्या. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू. पायांना मुंग्या येतात, तोल जातो, नावं आठवत नाहीत. घरचे म्हणतात, वय झालं. पण बी-१२ भाजीपाल्यातून मिळत नाही, दुधातून थोडंच मिळतं आणि मेटफॉर्मिनमुळे ते शोषलंही कमी जातं. त्याच्या कमतरतेने नसाही बिघडतात आणि स्मृतीही. वेळेत कळलं तर गोळ्या-इंजेक्शनांनी बरंच काही सावरतं. उशीर झाला तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३पासून आसपासच्या गावांतल्या गर्भवती आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. बी-१२ची कमतरता तिथे सर्रास आढळली. इतक्या जवळून कळलेली गोष्ट आपल्या स्वयंपाकघरापर्यंत कोणी पोचवायची? आहारतज्ज्ञानेच.

दुसरं उदाहरण पार्किन्सनचं. लेव्होडोपाची गोळी आणि प्रथिनं आतड्यातून शोषली जाताना एकमेकांशी स्पर्धा करतात. आपल्याकडे गोळी दुधाबरोबर द्यायची सवय. मग औषध हवं तसं लागू पडत नाही आणि रुग्ण दुपारभर ताठरलेला. डॉक्टरांशी बोलून गोळी आणि जेवणाच्या वेळा नीट लावून दिल्या, तर अनेकांचा दिवस सुसह्य होतो. ओपीडीच्या गर्दीत हे समजावून सांगायला न्यूरॉलॉजिस्टला वेळ नसतो. प्रत्येक मोठ्या न्यूरॉलॉजी विभागात आहारतज्ज्ञाची पगारी जागा हवी, ती यासाठी.

तिसरं अपस्माराचं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी १९२१ साली फिट्स आवरण्यासाठी कीटो आहार सुचवला. औषधांना दाद न देणाऱ्या मुलांसाठी तो आजही वापरतात. ग्रॅमवर मोजून, रक्ताच्या तपासण्या करत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तोच आहार लग्नाआधी बारीक व्हायला म्हणून मोबाइलवरून वाटणाऱ्यांनी त्यामागची ही शिस्त एकदा बघून यावी.

आणि लहान मुलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातली पाच वर्षांखालची ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. त्यात लोहाच्या कमतरतेचा वाटा मोठा आहे, आणि लोह कमी पडलं की लक्ष आणि शिकणं दोन्ही मागे पडतं. आपल्या घरांत मात्र सकाळची चहा-चपाती चालूच. चहा अन्नातलं लोह अडवतो. तो बंद करायला सांगण्यात कमाई नाही, म्हणून पॅकेजात ते नसतं.

या क्षेत्रात येणाऱ्या मुलामुलींनो, जरूर या. पोषणशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्या, रुग्णालयात इंटर्नशिप करा, इंडियन डायटेटिक असोसिएशनची आरडी (रजिस्टर्ड डायटिशियन) परीक्षा द्या. संसदेने २०२१ साली संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांचा कायदा केला, त्यात आहारतज्ज्ञही आहेत; मग नोंदणीचा आग्रह तुम्हीच धरा. पुरावा आपल्या बाजूचा नसेल तेव्हाही तो सांगा. मेंदूसाठी म्हणून गाजलेल्या माइंड आहाराची तीन वर्षांची चाचणी २०२३मध्ये प्रसिद्ध झाली. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला नेहमीच्याच आहारात थोडं कमी खायला सांगितलं होतं. दोन्ही गटांच्या स्मृतीत आणि आकलनात लक्षणीय फरक दिसला नाही. फिनलंडच्या २०१५च्या ‘फिंगर’ अभ्यासात फायदा दिसला, पण तिथे आहाराच्या जोडीला व्यायाम, मेंदूचा सराव आणि रक्तदाबावर लक्षही होतं. नुसत्या ताटाच्या जोरावर डिमेन्शिया टाळून देतो, असं कुणालाही सांगू नका.

या कामाचे पैसे मागायला लाजू नका. सल्ल्याची फी घ्या, आधी सांगून घ्या, चांगली घ्या. डब्यावरचं कमिशन मात्र घेऊ नका. ज्याच्या कपाटात विकायला पावडर आहे, त्याने रुग्णाच्या रक्ताचा रिपोर्ट वाचायला बसू नये.